गेटवरची अर्धी ओळ

ये गं, जरा जवळ सरक. तू पुण्यात बसून हे वाचतेयस ते ठाऊक आहे मला, तरी सरक. आणि गॅसवर चहा ठेवून उभ्याउभ्या वाचायचं नाही, तुला मी ओळखते. रोज सकाळी गुलाबाचं चित्र पाठवतेस, खाली ‘शुभ सकाळ मामी’, की सुटलीस. एवढं मोठं प्रकरण झालं, तुझी आई माझ्या गेटातून परत गेली, आणि तुला एक फोन करून विचारावंसं वाटलं नाही की मामी, नेमकं झालं काय? गुलाब मात्र दुसऱ्या दिवशीही आला. पिवळा होता. असं करतात होय?

रागावले नाही गं. दमलेय म्हण. सगळ्या नात्यागोत्यात आता एकच गोष्ट फिरतेय, बेंगळुरूच्या मामीनं नणंदेला गेटवरनं परत पाठवलं. निपाणीहून एकीचा फोन येतो, बेळगावहून दुसरीचा, आणि प्रत्येकीला मी पहिल्यापासून सांगत बसते. सांगून सांगून माझ्याच तोंडाला आता त्याची चव राहिली नाही. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं, आणि ते तुलाच लिहावं. तू लेक तिची. तुझं ती ऐकते.

तुला आमच्या इथली रीत माहीत नाही. तुझ्या मामांना तो झटका आला, उजवा पाय ओढायला लागला, तेव्हा मुलानं आम्हाला बेळगावहून उचललं आणि सर्जापूर रोडला आणून ठेवलं. घर चांगलं आहे. उंचावर आहे. खाली बघितलं की गाड्या नुसत्या चिकटून उभ्या, सकाळी तशाच, संध्याकाळी तशाच. इथं दाराला घंटी आहे, पण ती कुणी वाजवत नाही, कारण दारापर्यंत कुणी आपण होऊन येतच नाही. माणूस खाली गेटवर थांबतो. वॉचमन त्याला विचारतो, आपल्या मोबाइलमध्ये बोलतो, मोबाइल ते लिहून काढतो आणि ते माझ्या मोबाइलवर येतं. कोण आलंय ते एका चौकटीत लिहिलेलं असतं. खाली एक हिरवं गोल, एक लाल गोल. हिरवं दाबलं की आत, लाल दाबलं की बाहेर. आधी गेटवरनं घरात बोलायचा फोन होता भिंतीवर. हे ॲप आलं तसा तो काढून नेला. भिंतीवर दोन भोकं राहिलीत, त्यावर मी कॅलेंडर लावलंय.

आता माझे डोळे. काचबिंदू. डॉक्टरीण म्हणाली, “अज्जी, जे गेलं ते येणार नाही, आहे ते सांभाळू.” गोड बोलते, निम्मं कन्नडात, निम्मं हिंदीत. घरी आल्यावर मुलानं माझा मोबाइल घेतला, आत कुठंतरी अक्षरं लहान-मोठी करायची पट्टी असते, ती धरून पार शेवटाला नेली. म्हणाला, “घे आई, आता रस्त्यापलीकडनं पण दिसेल.” आणि खरंच गं, तुझा निरोप आला तर पाटीवर खडूनं लिहिल्यासारखा दिसायला लागला. मी सातवीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं बसच्या पाट्यांवरनं आणि औषधांच्या पाकिटांवरनं शिकलेली बाई. मला वाचायला मिळालं की बास. दोन दिवस मी घरभर मोबाइल घेऊन हिंडत होते, हे वाच, ते वाच.

तिसऱ्या दिवसापासून रड सुरू झाली. निरोप दिसायचे नीट, पण बाकीच्या ॲपांत अक्षरं मोठी झाली आणि जागा तेवढीच राहिली. पंचांगाच्या ॲपात ‘आज संक’ आणि पुढे तीन टिंबं. आता ती संकष्टी की संक्रांत, हे मला कळतं म्हणून कळलं. औषधं मागवायच्या ॲपात तर अक्षरांची डोकीच उडाली. वेलांट्या वरनं कापलेल्या, उकार खालनं कापलेले, मधलं धड तेवढं शिल्लक. आणि एका ॲपात उलटंच. मी पट्टी कितीही ओढली तरी अक्षरं त्या चौकटीत शिरायला आपणहून बारीक होत होत मुंग्यांएवढी झाली. पूर्ण ओळ होती गं त्यात, पण वाचायची कुणी?

सूनबाईला विचारलं. तुला माहीतच आहे, ती बेळ्ळंदूरला एका कंपनीत आहे, मोबाइलवरची ॲपंच बनवते. गेटचं ॲप तिचं नव्हे, ते कुणा दुसऱ्यांचं. पण काम तेच. त्या दिवशी कॅबमध्ये दोन तास अडकून आली होती, चप्पल काढली न काढली तोच मी मोबाइल पुढे केला.

“आई, हेच. हेच करते मी दिवसभर,” म्हणाली आणि कपाळाला हात लावून हसली. मग जेवणाच्या टेबलावर तिनं मला समजावलं. डबा घेतला मुलाचा टिफिनचा. म्हणाली, “हा डबा ठरलेला. चित्र काढणारा आधी चित्र काढतो, त्यात डबा एवढाच. आत काय यायचं ते मागाहून येतं. चित्र काढताना तो इंग्रजीत ‘गेस्ट’ लिहून बघतो. मावतं. झालं. मग हिंदी येतं, मराठी येतं, तुमच्यासारख्यांची मोठी अक्षरं येतात. मग तीन वाटा. एक, मावेल तेवढं ठेवायचं आणि पुढे टिंबं. दोन, मावेपर्यंत अक्षर बारीक करत जायचं.”

“आणि तिसरी?”

“तिसरी म्हणजे डबाच वाढू द्यायचा. ओळ खाली उतरू द्यायची. पण मग खालचं सगळं सरकतं, बटणं सरकतात, चित्र बिघडतं. चित्र बिघडलेलं कुणाला आवडत नाही, आई.”

“अगं, मग माझ्या ब्लाऊजसारखं करा. मी जाड झाले की शिवण उसवून सोडतेस ना दोन बोटं?”

“सोडायला आत कापड ठेवावं लागतं आधीच. आम्ही ठेवत नाही,” ती म्हणाली. चिडून नव्हे. चिडायचीही तिच्यात ताकद नव्हती. तिनंच म्हणे कितीदा हे दुरुस्तीच्या कामांत लिहून ठेवलंय, आणि दर वेळी ते खाली खाली जातं, कारण वर दुसरं घाईचं काहीतरी येतं. मी म्हटलं, जाऊ दे, जेव आधी. आम्ही दोघी जेवलो. विषय तिथंच राहिला.

आता तुझ्या आईकडे येते. वन्संना तू आई म्हणून ओळखतेस, मी नणंद म्हणून ओळखते. माझं लग्न झालं तेव्हा त्यांचं आधीच झालेलं, पण माहेरी यायच्या तर कधी सांगून आल्या नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. एकदम दारात उभ्या आणि हाक, “कोण आहे का घरात?” मी नवी होते तेव्हा एकदा म्हटलं होतं, कळवलं असतं तर भाजी आणून ठेवली असती. तर म्हणाल्या, “कळवून येतो तो पाहुणा. मी पाहुणी आहे का गं?” त्यानंतर मी कधी म्हटलं नाही. उलट मला ते आवडायला लागलं. आपल्या घराला कुणीतरी इतकं आपलं समजतं, हे बरं असतं.

तशाच त्या आल्या. निपाणीहून रात्रीची गाडी धरून, भावाला बघायला, एकट्या, या वयात. सकाळी मॅजेस्टिकच्या मोठ्या बसस्टँडला उतरल्या असतील, कुठल्या कुठल्या बसा बदलून इथं पोहोचेपर्यंत दुपार झाली. दोन पिशव्या. एकीत कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी असणार, दुसरं काय असणार? मामांना त्याशिवाय काही आवडतं का?

गेटवर वॉचमननं नाव विचारलं. आमचा हा दुपारचा वॉचमन ओडिशाचा आहे, पन्नाशीचा, शांत माणूस. त्याला मराठी येत नाही, वन्संना हिंदी तेवढ्यास तेवढं. घराचा नंबर त्यांनी बरोबर सांगितला. नाव सांगितलं नाही. “भाऊ राहतो माझा, नाव कशाला?” असं काहीतरी म्हणाल्या असतील. त्यानं मग जे दिसलं आणि जे ऐकलं ते तसंच मोबाइलमध्ये बोलून टाकलं.

मी इथं वर मामांना जेवू घालून, हात-तोंड पुसून, निजवून नुकती बसले होते. मोबाइल थरथरला. चौकटीत मोठ्या अक्षरांत काय होतं, सांगते. ‘एक औरत दो थैली…’ एवढंच. आणि तीन टिंबं.

आता लक्षात घे, त्याच आठवड्यात बिल्डिंगच्या ग्रुपवर सूचना आली होती. पिशव्या घेऊन बायका येतात, साड्या नाहीतर पापड विकतो म्हणून आत शिरतात, ओळख पटल्याशिवाय कुणाला घेऊ नका. शेजारच्या कानडी बाईंनी मला दारात थांबवून मुद्दाम सांगितलं होतं, “अक्का, तुम्ही दोघंच असता दिवसा, स्वल्प जपून हं.” मी म्हटलं, सरी, सरी, म्हणजे बरं, बरं. एक औरत, दो थैली. मला वाटलं, आलीच ती. मी लाल दाबलं.

मोबाइल खाली ठेवला न ठेवला तोच परत तेच. तीच चौकट, तीच औरत, तीच थैली. मला वाटलं, काय चिवट बाई आहे. परत लाल दाबलं. जरा जोरातच दाबलं.

एवढंच झालं. पुढे मी डाळ निवडली, पडल्यापडल्या डोळा लागला. वाईट वाटतं ते हेच, की मी झोपले. मला काही वाटलंच नाही.

संध्याकाळी मुलगा त्या दिवशी लवकर घरी आला. चहा झाला, मामा त्यांच्या खुर्चीत, मी त्यांच्या बशीत बिस्किट मोडून ठेवत होते. मुलगा स्वतःच्या मोबाइलवर गेटचं बघत होता, दिवसभरात कोण आलं कोण गेलं ते त्यालाही येतं. त्याची अक्षरं बारीक. त्याला पूर्ण दिसतं.

“आई, दुपारी कोण आलं होतं? दोनदा नको म्हटलंयस.”

“विकणारी कुणीतरी.”

“विकणारी? थांब.” आणि त्यानं वाचलं, “एक औरत दो थैली लेके आई है, नाम नहीं बताती, निपाणी से आई है, बोलती है भाई का घर है।”

मला आधी अर्थच लागेना. मग सगळा एकदम लागला. मामांच्या हातातला कप मी काढून घेतला. मला वाटलं आता बोलतील, ओरडतील. झटक्यापासून त्यांना शब्द शोधावे लागतात. बराच वेळ शोधत होते. मग म्हणाले, “आक्काला… रिक्षा मिळाली असेल का गं?”

बाई, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

फोन लावला. वन्संचा तो बटणांचा फोन बंद. तुझ्या दादाला लावला, तर तो म्हणाला आई गाडीत आहे, मॅजेस्टिकवरनं फोन आला होता, बोलायचं नाही म्हणते कुणाशी. मुलगा म्हणाला, “दादा, ॲपचा घोळ झाला.” पलीकडनं तुझा दादा म्हणतो, “ॲपला बहीण नसते रे, तुमच्या घरात माणसं होती की नाही?”

दुसऱ्या दिवशी मी स्वतः खाली गेले. वॉचमनला विचारलं. त्यानं त्याचा मोबाइल दाखवला, त्यात पूर्ण ओळ, खाली उतरत उतरत गेलेली. “आंटीजी, मैंने तो पूरा बोला था।” खरंच बोलला होता बिचारा. मी विचारलं, मग काय झालं? म्हणाला, पहिल्यांदा मी त्यांना सांगितलं की घरचे नको म्हणतात, तर त्या म्हणाल्या, नीट विचार. दुसऱ्यांदाही नको आलं तेव्हा मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यावर लाल होतं. “फिर उन्होंने पानी माँगा। पिया, और ऑटो बुलाने को बोला।”

भावाच्या गेटवर, परक्याच्या बाटलीतलं पाणी पिऊन गेली गं तुझी आई. हे मी मामांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

पुढे जे जे करायचं ते केलं. सूनबाईनं त्या ॲपवाल्यांना तक्रार लिहिली, त्यांचं उत्तर आलं की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे. बिल्डिंगच्या मीटिंगला मी गेले, मुद्दाम नऊवारी नेसून गेले, म्हणजे जरा ऐकतील. सेक्रेटरी चांगला आहे, पण घाईत असतो. म्हणाला, “आंटी, फाँट नॉर्मल ठेवा ना, प्रॉब्लेमच नाही.” मी म्हटलं, “अहो, डोळे नॉर्मल करून द्या, लगेच ठेवते.” सगळे हसले. मीही हसले. पण घरी येताना लिफ्टमध्ये मला इतकं दमल्यासारखं झालं, की आमचा मजला आला तरी मी आतच उभी, दार परत मिटलं, आणि मी वरपर्यंत जाऊन आले.

मुलाचं म्हणणं वेगळं. “आई, गेटचं तुझ्या मोबाइलवरनं काढूनच टाकतो. मी ऑफिसातनं बघत जाईन. तुला त्रास नको.” प्रेमानं म्हणाला, पण मला ते लागलं. म्हटलं, “घरात मी, आणि कोण आत यायचं ते व्हाइटफील्डला बसून तू ठरवणार? आणि उद्या तुझी मीटिंग असली, आत्या परत आली, तर?” काढलं नाही त्यानं.

सूनबाई म्हणाली, आत्यांना कायमचा आत यायचा पास करून टाकू, म्हणजे विचारायची पाळीच नको. बसलो आम्ही दोघी. त्यात नातं निवडायचं असतं. मोलकरीण होती, स्वयंपाकीण होती, ड्रायव्हर, दूधवाला, शिकवणीवाली, सगळे होते. नणंद नव्हती. बहीणही नव्हती. ‘इतर’ होतं. मी म्हटलं राहू दे. तुझी आई आणि ‘इतर’?

एक मात्र झालं, ते सांगते, नाहीतर तुला वाटेल सगळंच वाईट. सूनबाईनं तिच्या ऑफिसात ही गोष्ट सांगितली. कुणाचं नाव न घेता, म्हणजे सासूनं नणंदेला कसं परत पाठवलं ते. लोक आधी हसले म्हणे. मग त्या चित्रं काढणाऱ्यानं विचारलं, “ती परत आली का?” ही म्हणाली, अजून नाही. पण त्या आठवड्यात त्यांच्या ॲपातल्या एका पानावरचा एक डबा वाढता झाला. एकच. सूनबाईनं घरी आणून मला दाखवला, माझ्याच मोबाइलवर. ओळ खालच्या ओळीत उतरली होती, बटणं जरा खाली सरकली होती, चित्र बिघडलं होतं म्हण. मला सगळं वाचता आलं. तिचे डोळे बसलेले होते झोप नसल्यानं. मी तिला म्हटलं, छान झालंय गं, आता झोप.

गेटचं ॲप आहे तसंच आहे. आम्ही आपले घरगुती उपाय केलेत. वॉचमन आता चौकटीवर विसंबत नाही, पिशवीवाली कुणीही बाई आली तरी आधी माझ्या मोबाइलवर फोन करतो आणि तिच्याच हातात देतो, बोला म्हणतो. पापडवाल्यांशी सुद्धा बोलते मी आता. एकीकडनं पाव किलो घेतले, काय करणार, इतकं बोलल्यावर नको म्हणवेना.

आणि तुझे मामा. ते काय करतात ऐक. रोज चार वाजले की हातानं खूण करतात, खाली. मी त्यांना पायात बूट घालते, काठी देते, लिफ्टनं खाली आणते, गेटपर्यंत धरून नेते. पाऊल उचलायला इतका वेळ लागतो की मागनं येणारी पोरं सायकली वळवून जातात. वॉचमन आपली खुर्ची त्यांना देतो आणि स्वतः उभा राहतो. तिथं ते बसतात, बाहेर तोंड करून. रस्त्यावर रिक्षा थांबली की मान वर करतात. मी एकदा म्हटलं, अहो, आक्का येणार असतील तर फोन येईल. तर शब्द शोधून म्हणाले, “ती… फोन करते का कधी?” खरंच आहे ते. दिवे लागले की परत वर. धूळ किती असते तिथं, गाड्यांचा धूर, त्यांचा खोकला वाढलाय. थांबा म्हटलं तर थांबत नाहीत.

मी वन्संना तीनदा फोन केला. एकदा उचलला, आवाज ऐकला आणि ठेवला. त्यांचं बरोबर आहे. मला मोबाइल आणि चौकटी आणि टिंबं हे सगळं फोनवर सांगता येत नाही, आणि त्यांनी ते का ऐकावं? त्यांना भाऊ हवाय, त्यातलं काही नको. म्हणून तुला सांगते. हे त्यांना वाचून दाखव, सगळं, फक्त पाण्याचं गाळ. मग त्यांना घेऊन ये. चिडून आल्या तर चिडून येऊ देत, गेटवर मला चार माणसांत बोलल्या तरी चालेल. दुपारी चारनंतर आलात तर कुणाला विचारायची गरजच पडणार नाही, ते तिथंच असतील. पण लवकर या गं. त्यांना रोज खाली नेणं-आणणं माझ्या गुडघ्यांच्यानं आता होत नाही, आणि नको म्हणणं त्याहून होत नाही.